पा मोमोलूंची कार्डं आणि माझी बाराखडी

१२ जुलै २०२०, रविवार

आणि वर श्रीनाथदादा म्हणतो, गॅरेज हे गाडीसाठी असतं. मग ठेव ना गाडी! दोन वर्षं गाडी बाहेर आणि मी आत, तेव्हा कधी बोलला नाही. आता मेलबर्नला लॉकडाउन परत लागलं, दिवसभर घरात बसून मीटिंगा, तेव्हा बरोबर आठवलं. म्हणे तुझ्या हीटरने बिल वाढतं. मी उणे अठरा डिग्रीत मटारचे खोके उचलतो, घरी येऊन अंग शेकायचं पण नाही? भाऊ म्हणे. मावसभाऊ आहे, पण तरी.

असो. हा विषय आजपासून बंद. आजपासून नवीन आयुष्य, म्हणून नवीन डायरी. (जुनीत फक्त जानेवारी आहे.)

मुख्य गोष्ट: मला प्रोजेक्ट मिळाला.

कोल्ड स्टोअरला माझ्या लाइनवर पा मोमोलू आहेत. लायबेरियाचे, पश्चिम आफ्रिका. साठीच्या पुढचे. त्यांच्यात मोठ्या माणसाच्या नावाआधी पा लावतात, आपण मागे राव लावतो तसं. त्यांच्या लोकांना वाई म्हणतात. मी सांगितलं, आमच्याकडे पण वाई आहे, साताऱ्याजवळ, मोठा गणपती आहे. त्यांना फार आनंद झाला. तर या वाई लोकांची स्वतःची लिपी आहे. एक अक्षर म्हणजे एक अख्खा उच्चार. पे एक अक्षर, पी दुसरंच अक्षर, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अशी दोनशेच्या वर अक्षरं.

पा तीस वर्षं त्यांच्या भाषेतला एकेक शब्द एकेका कार्डावर लिहितायत, खाली इंग्रजीत अर्थ. दोन हजार तरी कार्डं असतील. बिस्किटांचे चार मोठे पत्र्याचे डबे. त्यांना त्याचं पुस्तक काढायचंय. आणि घाई आहे, कारण काचबिंदू. नजर कडेकडेने विझत चाललीय. डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख कोविडमुळे पुढे पुढे जातेय. पुस्तक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच म्हणणं आहे.

मागच्या आठवड्यात लेबलचा प्रिंटर बंद पडला होता. कुणीतरी रोल उलटा घातलेला. मी सुलटा घातला. पांनी विचारलं, कंप्युटरचं येतं का? मी म्हटलं, माझी लाइनच ती. (खोटं नाही. भोसरीला सायबर कॅफेत सात महिने होतो. चहा आणायचो, पण सगळं बघायचो.)

काल कार पार्कमध्ये डबे माझ्या हवाली केले. मी विचारलं, एवढ्यात शब्द सापडतो कसा? माझ्या तोंडाकडे बघत बघत त्यांनी पहिल्या डब्यात हात घातला आणि कार्ड काढलं: मीठ. परत ठेवलं. परत हात घातला: होडी. डब्यात बघितलंसुद्धा नाही. म्हाताऱ्याने जादूचे प्रयोग लावायला हरकत नाही.

टार्गेट: गणपतीच्या आत पुस्तक.

१५ जुलै, बुधवार

लॅपटॉप घेतला. सेकंडहँड, जवळच्या वेरिबीतल्या एका गोऱ्याकडून. म्हणाला, नो वरीज मेट, चालतो. विंडोज व्हिस्टा आहे. एचचं बटण नाही. वाई लिपीला एच लागत नसणार.

आईला फोन केला. सांगितलं, आता कंप्युटरमध्ये आहे. आई म्हणाली, म्हणजे नक्की काय? म्हटलं, आफ्रिकेतल्या लिपीचं काम. म्हणाली, का रे, आपली कमी पडली? मागून बाबा ओरडले, दहावीला मराठीत किती पडले होते विचार त्याला. आईने विचारलं नाही. म्हणाली, कसं का असेना, माझा मुलगा कंप्युटरमध्ये गेला एवढं मी सांगते आता सगळ्यांना.

सांगू दे. महिनाभरात खरंच होणार आहे.

१८ जुलै, शनिवार

दादाला लॅपटॉप दिसला. विचारलं, कशाला? सांगितलं. सांगायला नको होतं.

म्हणे, जगातल्या सगळ्या लिप्यांना नंबर देणारं मंडळ आहे, त्याला युनिकोड म्हणतात. वाई लिपीला दोन हजार आठ सालीच नंबर मिळालेत. क्रमसुद्धा ठरलेला आहे. फॉन्ट फुकट मिळतो. तू फक्त टाइप कर. नाहीतर डबे इकडे आण, मी माझ्या मशीनवर दहा मिनिटांत कीबोर्ड बसवून देतो.

दहा मिनिटांत! ज्या माणसाला तीस वर्षं लागली त्याचं काम हा दहा मिनिटांत करणार.

तरी मोठ्या मनाने माझ्या लॅपटॉपवर ते वाईचं पान उघडलं. काय दिसलं? चौकोन. रिकामे चौकोन, ओळीने. मी दादाला बोलावून दाखवलं. म्हणाला, तुझा लॅपटॉप जुना आहे, त्याच्यात फॉन्ट नाही. म्हणजे दोष माझ्या लॅपटॉपचा! सातबारा आहे पण जमीन नाही, असली गत.

नीरजावहिनी म्हणाली, अवधूतभाऊजी, ऐका त्याचं, तो याचाच पगार घेतो. तेच तर. पगार घेणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा.

एक झालं, एन्कोडिंग म्हणजे काय ते कळलं. अक्षराला नंबर देणं, बस. मला वाटायचं अवघड असेल. मी स्वतः देणार.

१९ जुलै, रविवार

पांनी डब्यांसोबत एक तक्ता दिलाय. मोठा कागद, घड्या पडून पडून मऊ झालेला. सगळी अक्षरं, प्रत्येकाखाली इंग्रजीत उच्चार. आज नीट वाचला. डोकं धरून बसलो.

क्रमच नाही! आधी हे, वे, पे, बे, असे सगळे ए-वाले. ते संपले की ही, वी, पी, बी. मग हा, वा, पा, बा. म्हणजे एकट्या प चं कुटुंब सात ठिकाणी विखुरलेलं. आपल्याकडे कसं, प म्हटला की प पा पि पी, पाठोपाठ लाइनीत. पहिलीतल्या पोराला पण येतं. हा तक्ता कुणी शाळेत न गेलेल्याने लावलेला दिसतो.

पांची कार्डंसुद्धा याच क्रमाने लावलीत. बिचाऱ्यांनी तीस वर्षं चुकीच्या क्रमात काढली. कुणी सांगितलंच नाही.

पुस्तक काढायचं तर आधी हे सुधारायला पाहिजे. बाराखडीत बसवतो. वेळ जाईल, पण काम एकदाच करायचं आणि नीट करायचं.

२३ जुलै, गुरुवार

आजपासून मास्क सक्तीचा. मला चष्मा नाही म्हणून बरं.

ब्रेकमध्ये पांना सहज विचारलं, हा क्रम कुणी लावला? सांगत बसले. ही लिपी दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या एका माणसाला स्वप्नात दिसली. उठून त्याने भावकीतल्या माणसांना गोळा केलं आणि आठवेल तशी लिहून काढली. पुढे त्यांच्याकडच्या विद्यापीठात एक कमिटी बसली आणि तक्ता पक्का केला.

सगळा उलगडा झाला. स्वप्नात दिसली म्हणजे क्रम लावायला वेळ मिळालेला नाही. आणि कमिटी कशी असते मला माहितेय, भोसरीला आमच्या सोसायटीची अजून पार्किंगचे नंबर लावतेय.

मी जागेपणी लावतोय, हा फरक.

पांना म्हटलं, सिस्टिम जरा सुधारतो. मास्कमधून त्यांना किती ऐकू गेलं माहीत नाही. म्हणाले, स्मॉल-स्मॉल, माय सन. त्यांच्यात हळूहळू, सांभाळून, याला स्मॉल-स्मॉल म्हणतात. म्हणजे परवानगी मिळाली.

२६ जुलै, रविवार

तक्ता कापला.

एकदाच कात्री घेतली आणि दोनशेच्या वर चिठ्ठ्या. एकेक अक्षर मोकळं. कागद इतका मऊ होता की पोळी कापल्यासारखं वाटलं.

आयडिया अशी. अंड्यांच्या खोक्यात बारा घरं, बाराखडीत बारा अक्षरं. एका व्यंजनाला एक खोका. हे दादाच्या मंडळाला सुचलं नसेल. वहिनीकडे सहा खोके निघाले, शेजारच्या पाजींकडून नऊ आणले. अजून पाहिजेत. वहिनीला म्हटलं, अंडा करी करा. म्हणाली, याच आठवड्यात दोनदा झाली.

एक अडचण. यांच्याकडे स्वर सातच. प्रत्येक खोक्यात पाच घरं रिकामी राहतायत. ऱ्हस्व-दीर्घ नाही, कं नाही, कः नाही. मी बराच वेळ रिकाम्या घरांकडे बघत बसलो. वाई लोकांची तीस पंचे दीडशे अक्षरं हरवलीत. पुस्तकाच्या शेवटी टीप टाकू.

२ ऑगस्ट, रविवार

आज कर्फ्यू जाहीर. रात्री आठनंतर बाहेर नाही, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे नाही. दादाचं तोंड एवढंसं झालं. मी मनातून खूश. जगात सगळ्यांची कामं थांबली, माझं चालू.

संकल्प: रोज शिफ्टवरून आल्यावर तीनशे कार्डं. आठवड्यात खलास.

आज: अकरा. (संकल्प उद्यापासून.)

९ ऑगस्ट, रविवार

कार्डं लावणं दिसतं तितकं सोपं नाही. म्हणजे मला सोपं आहे, कार्डांना अवघड जातंय. तक्त्यातलं अक्षर छापील आणि पांचं हस्ताक्षर वेगळं. दोघांत मामा-भाच्याइतकं साम्य. काही अक्षरांत फरक फक्त एका ठिपक्याचा, आणि कार्डांवर चहाचेही ठिपके आहेत. शंका आली की मी जिथे जास्त जागा आहे त्या ढिगात टाकतो. समतोल राहतो.

कार्डांवर नंबर नाहीत. एकावरही नाही. तीस वर्षांत एका पेन्सिलीने घालता आले नसते? इथे प्रोफेशनल माणूस लागतो तो यासाठी.

पांचा लंच टाइमला रोज एकच प्रश्न, कितपत आलं? मी रोज सांगतो, बॅकएंडचं काम चालू आहे. हा शब्द दादाच्या मीटिंगमधून भिंतीपलीकडून मिळाला. त्यांचं समाधान होतं. आज जेवणाचा डबा बंद करताना झाकण त्यांनी दोनदा शेजारच्याच्याच डब्याला लावलं.

१६ ऑगस्ट, रविवार

वहिनीने अल्टिमेटम दिला. शनिवारी गणपती. गणपतीच्या घरात अंड्यांचे खोके नकोत, गॅरेज झालं तरी घरच. म्हटलं, रिकामे आहेत हो. म्हणाली, वास तरी आहे ना. दादा मध्येच म्हणाला, एवढे खोके आहेत तर अंड्यांचाच व्यवसाय काढ, त्यात क्रम लागत नाही. हसले दोघं.

हसा. पुस्तक आलं की पहिली प्रत या दोघांना. सही न करता.

२२ ऑगस्ट, शनिवार. गणेश चतुर्थी

संपलं! काल पहाटेच्या शिफ्टवरून आलो आणि बसलो तो संपवूनच उठलो. शेवटचा ढीग जरा भरभर केला. चारही डबे माझ्या क्रमाने. क च्या कुटुंबापासून थेट ह पर्यंत. इतकं शिस्तीत दिसतंय की झाकण लावावंसं वाटेना.

अंड्यांचे खोके वहिनीने सकाळीच पिवळ्या झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, चिठ्ठ्यांसकट. मी म्हटलं, जाऊ दे, त्यांचं काम झालंय. बिल्डिंग उभी राहिल्यावर परांची ठेवतात का?

आरतीला आम्ही तिघं आणि झूमवर पुणे. आईला सांगितलं, काम फत्ते. आईने फोनवरूनच दृष्ट काढली. बाबा काही बोलले नाहीत म्हणजे खूश असावेत.

आता फक्त टायपिंग राहिलं.

२५ ऑगस्ट, मंगळवार

टायपिंगबद्दल. लॅपटॉपवर वाई अक्षरं येत नाहीत (चौकोन), म्हणून मी माझे नंबर टाइप करतोय. मीठ म्हणजे ६१-१४०. असं एक पान झालं. दिसायला रेल्वेच्या टाइमटेबलसारखं, पण भारी.

दादाने पाहिलं. विचारलं, हे वाचणार कोण? मी म्हटलं, ज्याच्याकडे नंबरांची यादी आहे तो. म्हणाला, यादी कुठेय? मी म्हटलं, खोक्यांच्या झाकणांवर लिहिली होती.

पिवळा डबा सोमवारीच रिकामा होतो.

काही हरकत नाही. बरीचशी पाठ आहे.

२७ ऑगस्ट, गुरुवार

पांनी आज पॅलेटची हातगाडी सरळ रॅकमध्ये घातली. रॅक त्यांना दिसलाच नाही, कडेला होता. सुपरवायझर सभ्य आहे, ओरडला नाही, म्हणूनच कळलं की संपलं. म्हणाला, मेट, घरी जा, डॉक्टरांनी लिहून दिलं की ये. दवाखान्याची तारीख आता नोव्हेंबरमध्ये.

जाताना पा म्हणाले, डबे घरी आणून दे, छापून झालं नसेल तरी चालेल. हाताशी असले की बरं.

मी म्हटलं, येत्या शनिवारी सरप्राइज आहे.

(नंतर लिहितोय: शनिवारी जमलं नाही. ओव्हरटाइम. पुढच्या शनिवारी.)

५ सप्टेंबर, शनिवार

हॉपर्स क्रॉसिंगला पांकडे जाऊन आलो. पाच किलोमीटरच्या आत बसतं, जेमतेम. आत जायचं नाही म्हणून ते दारातल्या कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांची मुलगी फातू पर्थला असते, ती फोनच्या स्पीकरवर. पर्थची हद्द बंद, तिला येता येत नाही. पा तिला म्हणाले, आता ऐक हं, तुझ्या पोरांसाठी शब्द काढतो.

पहिला डबा मांडीवर घेतला. झाकण काढलं, समोर माझ्याकडे बघत हात घातला. कार्ड काढून मला दिलं, वाच म्हणाले, मीठ आहे ना? मी वाचलं: सासू.

फातू हसली. पा पण हसले, म्हणाले, सासू आणि मीठ, दोन्ही बेतानेच घ्यावं. परत हात. खेकडा. आता हसले नाहीत. परत. काल. म्हणजे कालचा दिवस, तो काल. मग त्यांनी बोटं कार्डांच्या डोक्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेली, जशी वहिनी मांजराच्या पाठीवरून नेते. विचारलं, हा कुठला डबा? मी म्हटलं, पहिला. म्हणाले, पहिला असा नसतो.

मग मी सरप्राइज फोडलं. बाराखडी समजावून सांगितली. प पा पि पी, सगळं कुटुंब एकत्र, शास्त्रीय पद्धत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. विचारलं, चारही डबे? मी म्हटलं, चारही. तक्ता? म्हटलं, तो कापावा लागला.

फोनमध्ये फातू पप्पा पप्पा करत होती. पा तिला म्हणाले, मी तुला सांगत होतो ना, डोळे गेले तर जाऊ देत, डबे आहेत. ते आता धरून चालू नकोस.

मला म्हणाले, झाकणं लाव बाळा, आणि तुझ्याकडेच ठेव. मला हे आता परक्याचं घर झालं. कुठे काय ठेवलंय कळत नाही.

निघताना भात आणि कसाव्याच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) पाल्याची भाजी दिली, डब्यात, वर फडकं बांधून. तिखट होती. मीठ बरोबर.

पा थोडे अपसेट वाटले. दादाच्या मीटिंगमध्ये याला चेंज मॅनेजमेंट म्हणतात. सुरुवातीला लोक विरोध करतातच.

६ सप्टेंबर, रविवार

झोप लागली नाही. हीटरमुळे असेल.

निर्णय: सगळं होतं तसं करून द्यायचं. एवढंच ना? लावलेलं उलटं लावायचं. एक आठवडा.

दादाकडे गेलो. त्याने युनिकोडचा वाईचा तक्ता छापून दिला. चार पानं. त्यात पांचाच क्रम आहे, ए-वाले सगळे आधी. दोन हजार आठपासून आहे. दादा एका शब्दाने, बघ मी सांगितलं होतं, असं म्हणाला नाही. हे त्याने मुद्दाम केलं.

१३ सप्टेंबर, रविवार

एक आठवडा हा अंदाज होता.

छापील अक्षर आणि पांच्या हातचं अक्षर, निम्म्या वेळी मला तेच ते वाटतं, निम्म्या वेळी कशाशीच जुळत नाही. कितीतरी अक्षरं त्यांनी त्यांच्या वडलांच्या जुन्या वळणाने काढलीत. पहिल्या वेळी पण कळत नव्हतंच. तेव्हा मात्र कळतंय असं वाटत होतं, म्हणून काम झालं.

आत्तापर्यंत खात्रीने जागेवर लागलेली: चाळीसएक. त्यात मीठ नाही. मीठ सापडत नाहीये.

२० सप्टेंबर, रविवार

फातूचा फोन. ती घानाच्या निर्वासित छावणीत वाढली, इंग्रजीत शिकली. तिला ही लिपी वाचता येत नाही. पा फोनवरून पोरांना रोज एक शब्द द्यायचे, कार्ड बघून नाही, हाताने काढून. आजोबांना न बघता येतं हेच पोरांना आवडायचं, म्हणाली. आता ते फोनवर येतात, पोरं म्हणतात ग्रँडपा, डू द ट्रिक, आणि ते म्हणतात, डबा दुसरीकडे आहे.

मग शांतपणे विचारलं, तू कंप्युटरचं नक्की काय शिकलायस?

मी म्हटलं, हॅलो, हॅलो, नेटवर्क जातंय. नेटवर्क नव्हतं जात.

नंतर तिला मोठा मेल लिहिला, झालेला उशीर, चालू असलेले प्रयत्न वगैरे. एचचं बटण नसल्याने थँक्सचं टँक्स झालं आणि होपचं ओप. उत्तर आलं नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

पांचा फोन आला. मी घेणार नव्हतो. पहिला प्रश्न, जेवलास का? मग सांगितलं, डॉक्टर फोनवर बोलले. जे विझलं ते परत येत नाही. राहिलेलं टिकवायचे थेंब आहेत. आता उजेड आणि अंधार कळतो, माणूस आवाजावरून.

मी म्हटलं, पा, आठ दिवस द्या. त्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं. म्हणाले, डबे पर्थला पाठव, फातूकडे. तिथे माझा थोरला भाऊ आहे, वय ब्याऐंशी. वडलांचं वळण त्यालाच माहीत. तो लावेल. दिवसातून दोन तास जागा असतो, पण लावेल.

संकल्प: डबे मी स्वतः घेऊन जाईन. पोस्टाच्या भरवशावर नाही. नकाशा पाहिला. साडेतीन हजार किलोमीटर. आपली हद्द पाच.

११ ऑक्टोबर, रविवार

आज अजिबात प्रयत्न केला नाही. डबे नुसते उघडून बसलो. मग बंद केले. हीटर लावला नाही. दादा स्वतः येऊन लावून गेला.

२५ ऑक्टोबर, रविवार. दसरा

आता पंचवीस किलोमीटरपर्यंत परवानगी. दादा म्हणाला, चला, यंदाचं सीमोल्लंघन सरकारी. कुणी गेलं नाही. वहिनीने आपट्याच्या जागी निलगिरीची पानं वाटली. सोनं घ्या म्हणाली, सर्दीला पण चालतं.

मी लॅपटॉपची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचं एक फूल. बटण दाबलं. चालू झाला नाही. परत दाबलं. दादा म्हणाला, आज त्याला पण सुट्टी असते, हत्यार आहे ना. पहिल्यांदाच मला पण हसू आलं, आणि मग ते थांबेना, म्हणून वहिनी पाणी घेऊन आली.

२६ ऑक्टोबर, सोमवार

आज मेलबर्नमध्ये एकही नवीन पेशंट नाही. शून्य. शून्य म्हणून कामावर सगळ्यांना डोनट वाटले. पांच्या लॉकरवर दुसऱ्याचं नाव आलंय. मी दोन डोनट घेतले, एक त्यांच्यासाठी. मग आठवलं की मी आता तिकडे जात नाही. दोन्ही खाल्ले.

दादाने चारही डबे बबल रॅपमध्ये बांधले, टेप मारली, वजन केलं, कुरियरवाल्याला दारात दिले. मी म्हटलं होतं, मी करतो. म्हणाला, तू फक्त पत्ता सांग. झाकणावर मी मार्करने १, २, ३, ४ लिहिलं होतं ते त्याने पुसलं. बरोबर केलं. ते नंबर पण माझेच होते.

दुपारी फातूचा मेसेज. कुरियर तिने तिकडून बुक केलं होतं, मीच सांगितलं होतं की पैसे मी भरतो. पैशांबद्दल काही लिहिलं नव्हतं. थोरल्या काकांचा मेसेज पुढे पाठवला होता, फक्त एक ओळ. वाई लिपीत. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने स्वतः फोनवर टाइप केलेली. माझ्या फोनवर सगळी अक्षरं दिसली. एकही चौकोन नाही. म्हणजे फोनमध्ये पहिल्यापासून होतीच.

खाली फातूने अर्थ लिहिला होता: डबे आले की आधी मीठ शोधतो.

यातलं मीठ कुठलं ते विचारलं. तिने तेवढीच दोन अक्षरं वेगळी काढून पाठवली. बराच वेळ बघितली. ही दोन मला आता कुठेही ओळखता येतील.

बँकेच्या ॲपमध्ये पैसे कशासाठी ते लिहायची एक जागा असते. तिथे ती दोन अक्षरं चिकटवली. ॲप म्हणालं, चालणार नाही, फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. परत चिकटवली. परत तेच. दादाला विचारणार होतो, मग नाही विचारलं. जागा मोकळी सोडली.

आईला कळवलं, या महिन्यात पैसे पाठवायला जमणार नाही. म्हणाली, कंप्युटरचं काम संपलं का रे? म्हटलं, हो, डिलिव्हरी झाली.

फातूला पाठवले: एकशे चौदा डॉलर चाळीस सेंट.